फोमच्या कारखान्यात एन्झाइमची जागा

रायपूर आणि आसपासच्या भातगिरण्यांचा हंगाम सुरू झाला की तांदळाइतकीच काळजी कोंड्याची घ्यावी लागते. भाताचे तूस निघाल्यावर दाणा पॉलिशच्या यंत्रात जातो. तिथे त्याच्यावरचा तपकिरी थर खरवडला जातो आणि यंत्राखाली तांबूस, बोटांना किंचित तेलकट लागणारी भुकटी साठते. हाच कोंडा, छत्तीसगढीत कोढा. १०० किलो भातामागे साधारण ७-८ किलो कोंडा निघतो आणि त्यात १५ ते २० टक्के तेल असते. राइस ब्रान तेलाचा सगळा धंदा या भुकटीवर उभा आहे.

पण ती टिकत नाही. दाणा अखंड असतो तोवर तेल एका थरात आणि लायपेज नावाचे एन्झाइम दुसऱ्या थरात असते. पॉलिश होताना दोन्ही थर चिरडले जाऊन एकमेकांत मिसळतात आणि लायपेज तत्काळ कामाला लागते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. लायपेज हवेतल्या आणि कोंड्यातल्या ओलाव्याच्या मदतीने ते जोड सोडवते. मोकळ्या मेदाम्लांचे प्रमाण दिवसागणिक काही टक्क्यांनी चढत जाते, खवट वास येऊ लागतो आणि ताटात जाऊ शकणारे तेल साबणाच्या भट्टीकडे वळते. म्हणून अरवा, म्हणजे न उकडलेल्या भाताच्या, तांदळाचा कोंडा तेल काढणाऱ्या कारखान्यात लवकरात लवकर पोचवायची घाई असते. उसन्या तांदळासाठी भात आधीच उकडलेला असल्याने त्यातले लायपेज उष्णतेने निकामी झालेले असते. तो कोंडा जास्त दिवस राहतो आणि त्यातून तेलही जास्त मिळते.

गिरणीवाल्याच्या लेखी नुकसान करणारे हे लायपेज ज्या कुळातले आहे, त्याच कुळातल्या एन्झाइमांवर पॉलियुरेथेनच्या रसायनशास्त्रात गेली तीसेक वर्षे संशोधन चालू आहे. गादीचा फोम, बुटाचा तळ, शीतगृहाच्या भिंतीतला थर, फर्निचरवरची चकचकीत वार्निश, गाडीचे स्टिअरिंग ही सगळी पॉलियुरेथेनची रूपे. या वस्तू कमी उष्णतेत, कमी विषारी मार्गाने बनवता येतील का, आणि वापरून झाल्यावर पुन्हा कच्च्या मालात बदलता येतील का, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात एन्झाइम येते. मात्र ज्या टप्प्यावर बहुतेकांना ते अपेक्षित असते, तिथे ते चालत नाही. त्याचे खरे काम त्या टप्प्याच्या आधी आहे आणि नंतर आहे.

तोडणारे एन्झाइम जोडू कसे लागते?

उत्प्रेरक प्रक्रियेचा वेग वाढवतो. प्रक्रिया कोणत्या दिशेने जाईल हे ठरवणे त्याच्या हातात नसते. लायपेजला हा नियम तंतोतंत लागू पडतो. भोवती पाणी भरपूर असेल तर ते तेल तोडते. पाणी जवळजवळ काढून टाकले आणि आम्ल व अल्कोहोल समोर ठेवले, तर तेच एन्झाइम दोघांना जोडून एस्टर तयार करते.

हे घडते कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. या क्षेत्रात सर्वाधिक वापरले जाणारे लायपेज एका यीस्टपासून आले. अंटार्क्टिकातल्या व्हांडा सरोवराच्या गाळात सापडलेल्या या यीस्टला कँडिडा अंटार्क्टिका हे नाव मिळाले आणि तिच्या दोन लायपेजांपैकी ‘बी’ हे अधिक उपयोगी ठरले. संशोधक त्याला ‘कॅल-बी’ म्हणतात. ३१७ अमिनो आम्लांची ही साखळी घडी पडून गोळा होते आणि त्या गोळ्यात एक अरुंद, खोल खाच राहते. खाचेच्या तळाशी १०५ क्रमांकाचे सेरिन हे अमिनो आम्ल असते, शेजारी २२४ क्रमांकाचे हिस्टिडिन आणि १८७ क्रमांकाचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल. आम्लाचा रेणू खाचेत आला की सेरिन त्याला स्वतःशी बांधून घेते. आता खाचेत पुढे कोण येते, यावर सगळे अवलंबून. पाण्याचा रेणू आला तर आम्ल मोकळे होऊन बाहेर पडते. अल्कोहोलचा रेणू आला तर आम्ल त्याला जोडले जाते आणि एस्टर बाहेर पडतो. दोन्ही वेळा सेरिन पूर्वीसारखे रिकामे होऊन पुढच्या रेणूसाठी तयार.

खवट कोंड्याच्या तेलावर हा उलटा प्रयोग आपल्या देशात फार पूर्वी झाला. कोलकाता विद्यापीठातील भट्टाचार्य यांच्या गटाने १९८९ मध्ये जास्त आम्लता असलेल्या राइस ब्रान तेलात ग्लिसरॉल घालून म्युकर मीहाय या बुरशीच्या लायपेजने मोकळी मेदाम्ले पुन्हा बांधून दाखवली. एका लायपेजने सोडवलेले जोड दुसऱ्या लायपेजने परत जुळवले.

फोम बनतो त्या दोन मिनिटांत

पॉलियुरेथेनची सुरुवात जर्मनीतली. लेव्हरकुसेन येथे आय. जी. फार्बेन कंपनीत काम करणाऱ्या ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये या रसायनाचे पेटंट घेतले. कल्पना सरळ होती. दोन्ही टोकांना आयसोसायनेट हा गट असलेला एक रेणू घ्यायचा आणि दोन किंवा अधिक हायड्रॉक्सिल गट असलेला दुसरा, म्हणजे पॉलिऑल. आयसोसायनेट आणि हायड्रॉक्सिल एकत्र आले की युरेथेन बंध तयार होतो. टोकाला टोक जोडत लांब साखळ्या बनतात. पॉलिऑल लांब आणि लवचीक असेल तर मऊ फोम मिळतो, आखूड आणि फांद्यांचा असेल तर कडक.

मऊ फोममध्ये आणखी एक प्रक्रिया एकाच वेळी चालवावी लागते. मिश्रणात मुद्दाम थोडे पाणी घालतात. आयसोसायनेट पाण्याशी भिडले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी सगळे मिश्रण फुगते. सोडा घातलेला ढोकळा फुगतो तसेच हे, फक्त कितीतरी वेगाने. यंत्राच्या तोंडातून पातळ द्रव पट्ट्यावर पडतो, काही सेकंदांत दुधाळ होतो आणि दोन-एक मिनिटांत कमरेएवढा ठोकळा उभा राहतो. प्रक्रिया उष्णता सोडणारी असल्याने ठोकळ्याच्या गाभ्यात तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते.

फोम बनवणाऱ्याचे सगळे कसब या दोन मिनिटांत लागते. वायू सुटण्याचा वेग आणि साखळ्या घट्ट होण्याचा वेग जुळला पाहिजे. वायू आधी सुटला तर ठोकळा खाली बसतो. साखळ्या आधी आवळल्या तर बुडबुडे बंदिस्त राहतात आणि थंड झाल्यावर फोम आकसतो. हा तोल उत्प्रेरकांनी राखला जातो. काही अमाइन-संयुगे पाण्याच्या प्रक्रियेला अधिक चालना देतात, तर स्टॅनस ऑक्टोएटसारखी कथिलाची संयुगे साखळी जोडण्याला. रंगलेप आणि चिकटद्रव्यांत डायब्युटिलटिन डायलॉरेट अनेक वर्षे वापरले गेले. डायब्युटिलटिनची संयुगे प्रजननाला घातक ठरवली गेली आणि युरोपीय संघाने जानेवारी २०१२ पासून ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत व वस्तूंत त्यांच्यावर मर्यादा घातली.

कथिलाला पर्याय शोधण्याची गरज अशी निर्माण झाली. तरीही एन्झाइमकडे वळण्याचे सर्वांत गंभीर कारण आयसोसायनेट हे आहे.

भोपाळची आठवण या विषयात का येते

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुटलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. रायपूर त्या वेळी मध्य प्रदेशात होते; भोपाळ ही त्याची राजधानी. छत्तीसगड वेगळे झाले ते १ नोव्हेंबर २००० रोजी. त्यामुळे ती रात्र रायपूरकरांसाठी परराज्यातली बातमी नव्हती.

त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट आणि नॅफ्थॉल यांची प्रक्रिया करून सेव्हिन हे कीटकनाशक बनवले जात असे. आयसोसायनेट हायड्रॉक्सिल गटाला जोडले जाऊन जो बंध तयार होतो, तो सेव्हिनमध्ये आहे आणि गादीच्या फोममध्येही आहे. फरक महत्त्वाचा आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळते. म्हणूनच ते वायू होऊन शहरभर पसरले. फोमसाठी वापरली जाणारी टीडीआय आणि एमडीआय ही आयसोसायनेटे जड आहेत, सहज उडत नाहीत. मात्र त्यांच्या वाफेने आणि तुषारांनी कामगारांना दमा होतो, हे फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास अडकतो. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेला माल औद्योगिक किंवा व्यावसायिक कामात हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण सक्तीचे आहे. शिवाय ही आयसोसायनेटे बनवण्यासाठी आजही मुख्यतः फॉस्जीन लागतो, आणि फॉस्जीन पहिल्या महायुद्धात रणवायू म्हणून वापरला गेला होता. भारतात गुजरात नर्मदा व्हॅली फर्टिलायझर्स अँड केमिकल्सचे टीडीआयचे कारखाने भरूच आणि दहेजला आहेत.

तयार झालेला, पूर्ण जमलेला फोम ही वेगळी गोष्ट आहे. त्यातले आयसोसायनेट बांधले गेलेले असते. गादीवर झोपणाऱ्याला या धोक्याची धास्ती बाळगायचे कारण नाही. धोका आहे तो बनवणाऱ्याला, फवारणाऱ्याला आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्यांना.

जिथे एन्झाइम चालत नाही

मग कथिलाच्या जागी थेट एन्झाइम घालून फोम फुगवता येईल का? नाही, आणि त्याची कारणे साधी आहेत. फोमच्या पट्ट्यावर काम सेकंदांत व्हावे लागते, लायपेज तासांच्या हिशेबाने काम करते. ठोकळ्याच्या गाभ्यातली उष्णता बहुतेक एन्झाइमांना सोसत नाही. आणि आयसोसायनेट एन्झाइमलाच चिकटते. प्रथिनावर लायसिनसारख्या अमिनो आम्लांचे अमाइन गट बाहेरच्या बाजूला असतात; आयसोसायनेट त्यांच्याशी हायड्रॉक्सिलपेक्षाही आधी जुळते. उत्प्रेरक म्हणून टाकलेले एन्झाइम स्वतःच साखळीत गुंफले जाते.

या अडचणीचाच कुणी उपयोग करून घेतला. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे अ‍ॅलन रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंद्रिय फॉस्फरस संयुगे तोडणारी एन्झाइमे पाण्यात विरघळवून ते पाणी फोमच्या मिश्रणात घातले. एन्झाइम रासायनिक बंधांनी फोममध्ये कायमचे अडकले आणि तरीही क्रियाशील राहिले. मज्जासंस्थेवर मारा करणारी रासायनिक अस्त्रे असा फोम निष्प्रभ करू शकतो, हे त्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. तिथे एन्झाइम पॉलियुरेथेन बनवत नाही. पॉलियुरेथेन एन्झाइमला घर देते.

पॉलिऑलच्या पातेल्यात

युरेथेन बंध जुळण्याच्या एक पायरी आधी या. बुटाचे तळ, चिकटद्रव्ये, कापडावरचे लेप यांच्यासाठी पॉलिएस्टर पॉलिऑल लागतो. अ‍ॅडिपिक आम्ल आणि ब्युटेनडायॉल किंवा हेक्झेनडायॉल एकत्र तापवून तो बनवतात. पारंपरिक पद्धतीत तापमान २०० अंशांच्या वर न्यावे लागते आणि कथिल किंवा टायटॅनियमचा उत्प्रेरक घालावा लागतो. तो उत्प्रेरक पॉलिऑलमध्येच राहतो आणि पुढच्या प्रक्रियेत लुडबुड करतो. जास्त उष्णतेने माल पिवळसर पडतो आणि नाजूक गट असलेली संयुगे तर वापरताच येत नाहीत.

१९९० च्या दशकात ब्रिटनमधल्या बॅक्सेंडेन केमिकल्स या कंपनीने हेच काम कॅल-बीने करून दाखवले. तापमान ६० अंशांच्या आसपास. एन्झाइम अर्ध्या मिलिमीटरच्या घरातल्या अ‍ॅक्रिलिक राळेच्या सच्छिद्र दाण्यांवर बसवलेले असते. हे दाणे आम्ल आणि डायॉलच्या मिश्रणात सोडायचे, निर्वात पंपाने तयार होणारे पाणी सतत ओढून घ्यायचे, म्हणजे उलटी प्रक्रिया सुरू होत नाही. साखळी हवी तेवढी वाढली की दाणे गाळून काढायचे आणि पुढच्या घाण्याला वापरायचे. मागे धातू राहत नाही. साखळ्यांची लांबीही बरीच एकसारखी मिळते. अमेरिकेत रिचर्ड ग्रॉस यांच्या प्रयोगशाळेने सॉर्बिटॉलसारख्या साखरेपासून आलेल्या, अनेक हायड्रॉक्सिल गटांच्या रेणूंवर हे तंत्र वापरले. लायपेज मुख्यतः टोकाचे हायड्रॉक्सिल निवडते, मधले बहुतेक मोकळे ठेवते. रासायनिक उत्प्रेरकाला अशी निवड जमत नाही. तिथे सगळे गट एकदम जुळून माल जेलीसारखा गोठण्याची भीती असते.

या कामाची पायाभरणी महाराष्ट्रातही झालेली आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे १९३३ मध्ये सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत, गणपती यादव यांनी दाण्यांवर बसवलेल्या लायपेजच्या प्रक्रियांचा वेग कशाकशावर अवलंबून असतो, याचे गणित बारकाईने मांडले. कोल्हापूर जिल्ह्यातले यादव हे पुढे या संस्थेचे कुलगुरू झाले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच संस्थेत वीरेंद्र राठोड यांच्या प्रयोगशाळेने ध्वनिलहरींच्या मदतीने लायपेजचे काम वेगवान करण्याचे प्रयोग केले. ठाण्याची फर्मेंटा बायोटेक ही कंपनी दाण्यांवर बसवलेले कॅल-बी स्वतः बनवून विकते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात वनस्पती तेलांपासून पॉलियुरेथेनचे लेप बनवण्याचे काम सातत्याने झाले आहे. लोखंडाला गंजापासून वाचवणारा आणि ओरखडा पडल्यास स्वतःच भरून निघणारा कडुनिंबाच्या तेलावर आधारित लेप त्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या लेपात एन्झाइम नव्हते. पण एक बाजू मुंबई-ठाण्यात आणि दुसरी जळगावात तयार आहे, एवढे त्यातून दिसते.

अडते ते किमतीवर. दाण्यांवर बसवलेल्या कॅल-बीला किलोमागे हजारो रुपये मोजावे लागतात, कथिलाचा उत्प्रेरक त्यामानाने नगण्य किमतीत आणि नगण्य मात्रेत पुरतो. ढवळणीच्या पात्यांनी दाणे झिजतात, फुटतात; एन्झाइम हळूहळू सुटून वाहून जाते. बॅक्सेंडेनच्या यशानंतरही पॉलिऑलचा बहुसंख्य उद्योग जुन्या पद्धतीवरच राहिला, याचे हे मुख्य कारण. सौंदर्यप्रसाधनांसाठी लागणारी एस्टर मात्र याच एन्झाइमने कारखान्यात बनतात, कारण तिथे ग्राहक शुद्धतेची किंमत देतो.

आयसोसायनेटला वळसा

फॉस्जीन आणि आयसोसायनेट दोन्ही टाळून युरेथेन बंध मिळवता येतो. त्यासाठी चक्रीय कार्बोनेट नावाचा गट लागतो. त्यावर अमाइनची प्रक्रिया झाली की कडे उघडते आणि युरेथेन बंध तयार होतो. हे कडे तेलापासून बनवता येते. तेलातल्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजन बसवून इपॉक्साइड करायचे आणि त्यात कार्बन डायऑक्साइड घालायचा.

पहिल्या पायरीवर लायपेज पुन्हा भेटते. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीतल्या फ्रेड्रिक ब्यॉर्कलिंग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले की लायपेजच्या खाचेत पाणी किंवा अल्कोहोलऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड आले, तर मेदाम्लाचे पेराम्ल होते आणि ते शेजारच्या दुहेरी बंधाला ऑक्सिजन देते. कारखान्यात याच कामासाठी तीव्र खनिज आम्ल वापरतात, त्याने इपॉक्साइडची कडी अवेळी फुटतात. एन्झाइमच्या सौम्य मार्गात ती बरीच टिकतात. राइस ब्रान तेलात सुमारे ४० टक्के ओलेइक आणि त्याखालोखाल लिनोलेइक आम्ल असते, म्हणजे दुहेरी बंधांची चणचण नाही. दुसऱ्या पायरीवर, कार्बन डायऑक्साइड आणि इपॉक्साइडपासून चक्रीय कार्बोनेट बनवण्यावर, मुंबईच्या त्याच संस्थेत भालचंद्र भानगे यांच्या गटाने भरपूर काम केले आहे; लायपेजच्या प्रक्रियांवरही.

जपानमध्ये केओ विद्यापीठातील शुइची मात्सुमुरा यांच्या गटाने तिसरी वाट शोधली. युरेथेन बंध असलेला डायॉल आधी आयसोसायनेटविना तयार करायचा आणि मग लायपेजने त्याच्या साखळ्या कार्बोनेट बंधांनी जोडायच्या. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी असे पॉलियुरेथेन बनवलेच, शिवाय तेच लायपेज वापरून ते लहान चक्रीय रेणूंत सोडवले आणि त्या रेणूंपासून पुन्हा साखळी बांधली.

या सगळ्या मार्गांवर एक मर्यादा आहे. अमाइन आणि चक्रीय कार्बोनेट यांची प्रक्रिया आयसोसायनेटच्या तुलनेत संथ असते आणि त्यातून आपोआप वायू सुटत नाही. लेप आणि चिकटद्रव्यांसाठी ही पद्धत पुढे सरकली आहे. दोन मिनिटांत कमरेएवढा ठोकळा उभा करण्याइतकी ती अजून वेगवान नाही.

जुन्या गादीचे काय करायचे

गादीच्या पॉलियुरेथेनच्या साखळ्या आडव्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. पीईटीच्या बाटलीसारखे ते वितळवून पुन्हा ओतता येत नाही. जुना फोम फार तर तुकडे करून, गोंदाने दाबून, कमी किमतीच्या गादीत किंवा पायपुसण्याखाली जातो. उरलेला कचऱ्याच्या डेपोवर.

२०११ मध्ये येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी इक्वेडोरच्या जंगलातल्या वनस्पतींतून मिळवलेली पेस्टालोटिऑप्सिस मायक्रोस्पोरा ही बुरशी फक्त पॉलियुरेथेनवर वाढते, आणि ऑक्सिजनविनाही वाढते, असे प्रसिद्ध झाले. बातमी जगभर गेली. पण प्रयोगातला पदार्थ पाण्यात मिसळलेले पॉलिएस्टर प्रकारचे पॉलियुरेथेन होते, आणि अशा पदार्थातले एस्टर बंध तोडणे लायपेजच्या भाऊबंदांना जमतेच. गादीचा फोम मुख्यतः पॉलिइथर प्रकारचा असतो. त्यात एस्टर बंध नसतात; तोडायचा तर युरेथेन बंधच तोडावा लागतो, आणि तो कितीतरी चिवट.

ही गाठ सुटायला २०२३ साल उजाडावे लागले. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात उवे बोर्नशॉयर यांच्या गटाने, पॉलिइथर पॉलियुरेथेनचा कचरा अनेक वर्षे पडून असलेल्या मातीतले जनुकद्रव्य धुंडाळले. त्यातले सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवण्याऐवजी मातीतल्या सगळ्या डीएनएचा साठाच त्यांनी तपासला आणि युरेथेन बंध तोडणारी तीन एन्झाइमे शोधून काढली. अखंड फोमवर ती थेट चालत नाहीत. आधी ग्लायकॉलमध्ये तापवून फोमचे छोटे तुकडे करायचे. मग एन्झाइम त्या तुकड्यांतले युरेथेन बंध पाण्याने सोडवते. एका बाजूला पॉलिऑल मिळतो आणि दुसऱ्या बाजूला टोल्युइनडायअमाइन, ज्यापासून टीडीआय पुन्हा बनवता येते. कोवेस्ट्रो ही कंपनी, म्हणजे ऑटो बायर यांच्या लेव्हरकुसेनचीच वारसदार, या संशोधनात सहभागी होती.

इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. टोल्युइनडायअमाइन कर्करोगाला कारणीभूत होऊ शकणारे रसायन मानले जाते. फोम तोडणारा कारखाना त्यामुळे बंदिस्त हवा. उघड्यावर एन्झाइम शिंपडून गाद्या जिरवण्याची कल्पना घातक ठरेल. लाइपझिगच्या पर्यावरण संशोधन केंद्राने २०२० मध्ये नोंदवलेला स्यूडोमोनास कुळातला एक जिवाणू या अमाइनवर वाढू शकतो. सांडपाणी शुद्ध करायला अशा जिवाणूचा उपयोग होऊ शकेल.

रायपूरला काय करता येईल

१९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि तेलाच्या तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ पासून उभी आहे. आज रायपूरमध्येच रासायनिक अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान हे दोन्ही विभाग असलेली एनआयटी आहे, प्लॅस्टिकच्या चाचण्या करणारी सिपेट आहे, भातावर काम करणारे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने (आयआयसीटी) राइस ब्रान तेलातला चिकट भाग एन्झाइमने काढण्याची पद्धत विकसित केली आणि ती उद्योगात पोचली. तेल गाळणाऱ्यांना एन्झाइम ही परकी गोष्ट राहिलेली नाही.

सर्वांत जवळची पायरी खवट तेलाची आहे. खाण्यातून बाद झालेल्या राइस ब्रान तेलात मोकळी मेदाम्ले भरपूर असतात आणि ते स्वस्तात जाते. त्यात ग्लिसरॉल घालून लायपेजने मोनोग्लिसराइड बनवले, तर प्रत्येक रेणूवर दोन हायड्रॉक्सिल गट मोकळे राहतात. पॉलियुरेथेनच्या लेपासाठी एवढे पुरेसे असते. एरंडेलाला निसर्गाने हायड्रॉक्सिल दिलेलेच आहेत, म्हणून गुजरातेत एरंडेलावर पॉलिऑलचा उद्योग वाढला. छत्तीसगडच्या तेलांना ते जोडावे लागतील, आणि लायपेज ते काम कमी उष्णतेत करते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत लोखंड-पोलादाचे कारखाने दाटीने आहेत. गंजरोधक लेपाचा ग्राहक शोधायला दूर जावे लागणार नाही.

असा लेप बनला तरी त्याच्यासाठी आयसोसायनेट बाहेरूनच येईल, आणि फवारणाऱ्या कामगाराला मुखवटा व मोकळी हवा लागेलच. एन्झाइमने तो धोका संपत नाही. पॉलिऑल बनवतानाची उष्णता आणि त्यात मागे राहणारा धातू तेवढा टळतो. आयसोसायनेटविना बनणारा लेप ही पुढची पायरी असेल आणि तिच्यासाठी मुंबईच्या संस्थेतला चक्रीय कार्बोनेटांचा अनुभव हाताशी आहे.

कारखानदार पहिल्या बैठकीत तीन गोष्टी विचारेल. आम्लांक किती खाली येतो, कारण मोकळे आम्ल उरले तर लेप नीट जमत नाही. पॉलिऑलमध्ये पाणी किती उरते, कारण पाणी उरले तर लेपात बुडबुडे येतात. आणि एक किलो एन्झाइमवर किती घाणे निघतात. पहिल्या दोन गोष्टी प्रयोगशाळेत काही आठवड्यांत मोजता येतात. तिसरी मोजायची तर खऱ्या राइस ब्रान तेलावर, त्यातल्या मेणासकट आणि गोंदासकट, तेच दाणे पुन्हा पुन्हा वापरून महिनोन्‌महिने नोंदी ठेवाव्या लागतील. एन्झाइम परवडणार की नाही, ते त्या नोंदवहीवरून ठरेल.